नानांचं शुद्धिपत्रक

सोमवार, ५ ऑगस्ट

चि. भावास,

पाकिटावरचं अक्षर ओळखूनही तू हे फाडून फेकलं नाहीस, म्हणजे निम्मं काम झालं. घाबरू नकोस. भेटायला ये, फोन कर, झालं गेलं विसर, असलं काहीही या पत्रात नाही. मला फक्त एक सही हवी आहे. सोबतच्या कागदावर खाली उजवीकडे पेन्सिलनं फुली केली आहे, तिथे कर आणि परत पाठव. पाकीट आणि तिकीटसुद्धा घातलंय, म्हणजे तुला सबब नको.

आता सही कशाची ते सांगते. नाना आजारी आहेत. प्रोस्टेटचा कॅन्सर होता, तो हाडांत उतरलाय. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की आजार आता हटणार नाही, पण दुखणं हटवता येईल, त्यासाठी त्यांना हॉस्पिसमध्ये ठेवा. म्हणजे जिथे बरं करायला नेत नाहीत, त्रास होऊ नये म्हणून नेतात, तिथे. किती दिवस, असं विचारलं तर म्हणाले, दोन महिने धरून चाला. मला बाजूला घेऊन सांगितलेलं सगळं नानांनी दाराआडून ऐकलं होतं. बाहेर आल्यावर मला म्हणाले, "ठीक आहे. पण जागेची तपासणी केल्याशिवाय मी दाखल होणार नाही."

तू म्हणशील, निवृत्त होऊन दहा वर्षं झाली, अजून तपासणी? अरे, पस्तीस वर्षं वजनमापं खात्यात निरीक्षक होते ते. मरायची जागासुद्धा तपासून घेतील, नाहीतर मरणारच नाहीत. बावीस कलमांचा अहवाल त्यांनी स्वतः आखलाय आणि त्यावर घरातल्या दोन सज्ञान माणसांच्या सह्या हव्यात, हाही त्यांचाच नियम. घरात सज्ञान मी एक. दुसरा कोण, असं मी विचारलं तर खिडकीबाहेर बघत म्हणाले, "पत्ता असेल तुझ्याकडे." म्हणून हा खटाटोप.

अकरा वर्षांपूर्वी त्यांनी तुझ्या चहा-कॉफी पावडरच्या दुकानातला वजनकाटा सील केला, स्वतःच्या मुलाच्या दुकानाला टाळं लावलं, पेपरात आलं, तू गाव सोडून गेलास. ते सगळं मला माहीत आहे. त्याबद्दल मी इथे चकार शब्द काढणार नाही, आणि तूही काढू नकोस.

तर पहिली जागा. नाना म्हणाले, निरीक्षक म्हणून गेलं की सगळे पुसून-पासून ठेवतात, म्हणून गिऱ्हाईक होऊन जायचं. मी म्हटलं, "अहो, गिऱ्हाईक तर तुम्हीच आहात!" तर म्हणे, "मी झोपलो तर नोंदी कोण घेणार? पेशंट तू हो, मी नातेवाईक होतो." या जागांमध्ये बघायला म्हणून अर्धा दिवस राहू देतात. मी एवढी धडधाकट, शिवणाचा क्लास चालवणारी बाई, गेले आणि पडले पलंगावर. कागदपत्रं मात्र नानांचीच दिली, खरीखुरी. खोटा कागद दाखवायचा नाही, हे त्यांचं तत्त्व.

काय सांगू तुला! दारात कारंजं, जमिनीत तोंड दिसेल एवढी चकाकी, कोट घातलेली मॅनेजरीण. आणि माझ्या मनगटाला त्यांनी पट्टी बांधली: पुरुष, वय ६८. चार तासांत चार जणींनी ती पट्टी वाचली. एकीनं तर ती वाचून मला विचारलं, "आजोबा, कूस बदलायची का?" मी बदलली. दुसरं काय करणार? नाना कोपऱ्यात खुर्चीवर बसून लिहीत होते. मग त्यांनी मला खूण केली, मी घंटा दाबली, त्यांनी स्टॉपवॉच चालू केलं. अकरा मिनिटं चाळीस सेकंदांनी एक जण आला, आणि तो पंखा दुरुस्त करणारा होता.

शेरा: अनुत्तीर्ण. सही कर आणि पाठव.

तुझी (कागदोपत्री तरी) बहीण

बुधवार, १४ ऑगस्ट

चि. भावास,

सही मिळाली. सोबत एक शब्द नाही, बरं केलंस. शब्दांची अपेक्षा कोणी केली होती? मी तर नव्हतीच केली. मी पाकीट तीनदा झटकून बघितलं, ते आपलं सवयीनं.

नानांनी ती सही भिंगाखाली धरून बघितली. बराच वेळ. मग म्हणाले, "हात थरथरत नाही. तब्येत बरी असावी." आणि तो कागद फायलीला लावायच्या ऐवजी चष्म्याच्या घरात घडी करून ठेवला. मी बघितलं नाही असं दाखवलं.

दुसरी जागा सरकारमान्य, तीन प्रमाणपत्रं भिंतीवर, त्यातलं एक उलटं टांगलेलं. इथे निदान डॉक्टर आले. तरुण, भला दिसणारा, पण मान कागदातून वर काढेल तर शपथ. कागदावरनं एकेक प्रश्न वाचत होता. मला विचारलं, "प्रोस्टेटचा त्रास किती वर्षं?" मी नानांकडे बघितलं. त्यांनी बोटं दाखवली. मी म्हटलं, "सहा." "लघवीला जोर करावा लागतो?" "नाही हो." "छान, म्हणजे गाठ आकसतेय," म्हणाला आणि तसं लिहूनही घेतलं! हसू दाबताना माझा पलंग हलायला लागला, तर नर्सनं लिहिलं की पेशंटला थंडी वाजते आणि माझ्यावर दोन ब्लँकेटं घातली. ऑगस्टमध्ये. नाना वहीत एवढं भराभर लिहीत होते की कितीतरी दिवसांनी त्यांच्या गालावर रंग आला.

हसून झालं. आता पुढचं ऐक. तीन तास ते बिनपाठीच्या स्टुलावर बसले होते. एक हात वहीवर आणि दुसरा सारखा कमरेवर. त्या तीन तासांत त्या खोलीत नऊ माणसं आली-गेली (नानांनी मोजली), पण आजोबा, तुम्हाला बरं आहे ना, असं एकानं विचारलं नाही. परत येताना टॅक्सीतून त्यांना उतरता येईना. ड्रायव्हरनं आणि मी उचलून घरात आणलं. मी विचारलं, "फार दुखतंय का?" तर म्हणे, "दहात दोन." गेले दोन महिने रोज विचारते आणि रोज दोनच असतं.

मला भीती वाटते रे. ते जागा नापास करत राहतील आणि एक दिवस या पलंगावर दातओठ खाऊन पडून राहतील आणि मला दोन म्हणून सांगतील.

तुला सांगायचं नव्हतं, लिहिता लिहिता लिहिलं गेलं. नानांवरचा राग तू सोडावास असं मला वाटतं. ते म्हातारे झालेत. काट्याचं काय घेऊन बसायचं? ते जाऊ दे, मीच बोलायचं नाही म्हणाले होते.

खाली फुली केलेल्या जागी सही.

ताई

शनिवार, २४ ऑगस्ट

ठोंब्या,

लहानपणी हाक मारायचे तसं लिहिलंय, राग आला तर येऊ दे.

आधी तुझ्या पत्राचं सांगते. पत्र कसलं, समासातली एक ओळ: "कलम सातमध्ये घंटेची वेळ सेकंदांत हवी, मिनिटांत नको." अरे काय हा माणूस! अकरा वर्षांनी बापाला पहिलं वाक्य लिहिलं ते हे? पण नानांना काय आनंद झाला म्हणून सांगू. मला हाका मारमारून बोलावलं. "बघ, बघ, चूक काढली त्यानं. बरोबर आहे त्याचं. मोजमापाचं एकक एकच हवं." आणि बसल्या बसल्या अकरा मिनिटं चाळीस सेकंदांचे सातशे सेकंद करून अहवाल दुरुस्त केला. त्या दिवशी अर्धी वाटी भात जास्त खाल्ला. तुझी आणखी चार वाक्यं आली असती तर माणूस चालायला लागला असता.

आता तिसरी जागा, आणि हे जरा नीट वाच.

एक गॅरेज आणि एक छापखाना यांच्या मध्ये दुमजली इमारत. लिफ्ट करकरते, भिंतीला ओल, वऱ्हांड्यातलं घड्याळ सहा मिनिटं मागे. दारातच नानांनी तीन दोष टिपले. मी ठरल्याप्रमाणे पलंगावर पडले. एक ठेंगणीशी सिस्टर आली, पन्नाशीची, कमरेला किल्ल्या. तिनं फाईल उघडली, वाचली. सगळी वाचली, ठोंब्या, मागचं पानसुद्धा. मग माझ्याकडे बघितलं. मग नानांकडे बघितलं. मग बाहेर गेली, एक उशी घेऊन आली आणि नानांच्या पाठीशी सरकवली.

"आजोबा, हळूच उठायचं आता. ताई, तुम्ही खाली उतरा. चपला घालून झोपलाय तुम्ही."

नाना ताठ. "मी नातेवाईक आहे."

"बरं, मग नातेवाईकांनी पलंगावर झोपायचं आणि पेशंटनं खुर्चीत बसायचं. आमच्याकडे असंच असतं."

मी उतरले. नाना चढले. तोंड एवढंसं झालं होतं, सगळी तपासणीच उधळली ना. तिनं विचारलं, "दुखणं एक ते दहामध्ये किती?" आणि इथे नानांना संधी मिळाली. "दहा म्हणजे काय? कुठल्या प्रमाणाशी ताडून बघितलं? एकक काय? असल्या मोजमापाला कायद्यात अर्थ नाही." ती जराही चिडली नाही. म्हणाली, "मग आपण एकक ठरवू. दहा म्हणजे तुमच्या हातातली ती वही गळून पडेल एवढं."

नानांनी वहीकडे बघितलं. कितीतरी वेळ बघितलं. मग म्हणाले, "आठ."

आठ, रे. मला रोज दोन. मी तिथेच रडायला लागले, शरम नाही, काही नाही. सिस्टर म्हणाली, "ताई, रडायला हरकत नाही, पण त्या उशीवर नको, ती धुतलेली आहे." मला रडता रडता हसू आलं.

डॉक्टर आले, त्यांनी तपासलं, औषध दिलं. तासाभरात नाना झोपले, तोंड उघडं टाकून. दोन महिन्यांत ते असे झोपलेले मी बघितले नव्हते. वही छातीवरच होती.

दुपारी जाग आल्यावर सिस्टरनं तोंड पुसून दिलं आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, "आजोबा, कुणाची वाट बघताय?" मी म्हटलं, "कुणाची नाही, आम्ही दोघंच आहोत." तिनं मला हातानं थांबवलं. नाना छताकडे बघत म्हणाले, "मुलाची."

अकरा वर्षांत हा शब्द मी त्यांच्या तोंडून ऐकला नव्हता. "तो" म्हणायचे, "दुकानदार" म्हणायचे, पत्ता "त्या व्यक्तीचा" म्हणायचे.

अहवाल सोबत आहे. चौदा दोष काढलेत. घड्याळ, लिफ्ट, सूप अळणी, नोंदवहीत खाडाखोड. शेरा: अनुत्तीर्ण. त्याखाली बारीक अक्षरात: दाखल व्हायला हरकत नाही. घंटेची वेळ दोनदा घेतली, एकदा पस्तीस सेकंद, एकदा पन्नास. दुसऱ्या वेळी सिस्टर धावत आली ती हाताला साबण तसाच.

सोमवारी त्यांना तिथे नेते आहे.

सहीची घाई नाही. तू मात्र घाई कर.

ताई

शुक्रवार, ३० ऑगस्ट

ठोंब्या,

तुझं काहीच आलं नाही. सहीसुद्धा नाही. हरकत नाही, हे पत्र त्याची वाट न बघताच लिहितेय.

नाना रुळलेत तिथे. वऱ्हांड्यातलं घड्याळ त्यांनी बरोबर करून घेतलं. सूपवाल्या बाईला रोज चिठ्ठी जाते. सिस्टरनं त्यांना सांगितलंय की बाहेरच्या तपासणीचं पथक पुढच्या महिनाअखेरीस येणार आहे, तोवर तुम्ही आमच्या चुका काढून द्या. त्यामुळे पलंगावर पडल्या पडल्या ड्युटीवर आहेत. दुखणं आता तीन. खरं तीन, मी वहीकडे बघून खात्री करते. पण जेवण तुटलंय, पाय सुजलेत. डॉक्टर म्हणाले, दोन महिन्यांचं विसरा, दोन-तीन आठवडे.

हवापाण्याचं लिहून झालं. सिस्टर फार चांगली आहे तेही लिहून झालं. आता पुढची ओळ लिहायला मी तासभर घेतला, आणि मध्ये दोन ब्लाऊज बेतले.

काटा मी पाडला.

तू मला तो वर्षाच्या तपासणीला न्यायला सांगितला होतास, शिक्का मारून आण म्हणून. मी गाडीत मागच्या सीटवर ठेवला. पट्टा लावला नाही. वाटेत पडद्याच्या कापडाचा सेल लागला होता, म्हटलं पाच मिनिटं जाऊ. पाच मिनिटांचे दोन तास झाले. मग कचेरी बंद व्हायच्या आत पोचायचं म्हणून पळवली गाडी, आडवं कुत्रं आलं, मी ब्रेक मारला आणि काटा धाडकन खाली. कचेरी बंद झालीच होती. मी तो तसाच उचलून दुकानात आणून ठेवला आणि तुला म्हटलं, "झालं काम, शिक्का आतल्या बाजूला मारलाय, उघडत बसू नकोस." दुसऱ्या दिवशी शनिवार. शनिवारी नाना तुझ्या दुकानात उभे.

आणि वेडावाकडा झालेला तो काटा चुकत होता तोही गिऱ्हाईकाच्या बाजूनं! त्या सकाळी तुझ्याकडे जो आला तो जास्तच चहापूड घेऊन गेला. पण नियम तो नियम, शिक्का नाही आणि वजन चूक. नानांनी विचारलं, शिक्का कुठाय, आणि तू म्हणालास, "राहिला माझ्याकडून." हे मला नंतर कळलं. मी घरी पडदे शिवत होते. मी म्हटलं, चला, निभावलं. आज नाही तर उद्या सांगू. मग पेपरात आलं आणि सांगायचं धाडस झालं नाही. मग तू गेलास आणि सांगून उपयोग नाही असं वाटलं. मग अकरा वर्षं मूग गिळून बसले. पत्रात सारखी काट्याचं नाव काढून पुन्हा झाकत होते, ते तुला कळलंच असेल.

नानांनी "मुलाची" म्हटल्यापासून मला झोप नाही. आज सकाळी त्यांना सांगून टाकलं. सगळं. सिस्टर खोलीत होती, ती जायला निघाली तर मी तिचा हात धरून ठेवला, मला एकटीला ते जमलं नसतं.

नानांनी वही उघडली. मग म्हणाले, "गाडीचा वेग किती होता?" मी म्हटलं, "आठवत नाही." "काटा किती उंचीवरून पडला?" "सीटवरून, नाना." "कुत्र्याला लागलं का?" "नाही." माझा जबाब लिहून घेतला आणि खाली सही घेतली. मग विचारलं, "तेव्हा का नाही सांगितलंस?"

मी म्हटलं, "तुम्ही माझ्याशी बोलणं टाकलं असतंत."

"टाकलं असतं," म्हणाले. "फार तर आठवडाभर."

आठवडाभर! त्या एका आठवड्याला भिऊन मी अकरा वर्षं घालवली. त्यांचीही आणि तुझीही. मला माफ कर असं म्हणायचीसुद्धा लाज वाटते, पण म्हणते. माफ कर.

मग त्यांनी कोरा कागद मागितला. पेन दोनदा निसटलं, पण मला लिहू दिलं नाही. म्हणे, दुरुस्ती ज्याची त्यानंच करायची असते. तो कागद सोबत आहे. हरवशील म्हणून इथेही उतरवून देते:

"शुद्धिपत्रक. अकरा वर्षांपूर्वीच्या माझ्या पंचनाम्यात 'दुकानदाराने हयगय केली' असे नमूद आहे. ते वगळावे. त्या जागी 'निरीक्षकाने नीट चौकशी केली नाही' असे वाचावे. तसेच जेथे जेथे 'सदर दुकानदार' असा उल्लेख आहे, तेथे 'माझा मुलगा' असे वाचावे. चूक माझी आहे. दुरुस्ती तात्काळ अमलात यावी."

माझ्यावर रागाव, मला आयुष्यभर पत्र लिहू नकोस, कबूल. पण त्यांच्याकडे ये. तू आलास की मी बाहेर बाकावर बसेन, आत येणार नाही.

तुझी ताई

शुक्रवार, २७ सप्टेंबर

ठोंब्या,

तू आत दुपारचा झोपलायस आणि मी स्वयंपाकघरात बसून हे लिहितेय. भिंत एक, अंतर बारा पावलं. पत्र तुझ्या उशीपाशी ठेवणार आणि भाजी आणायला पळणार. समोर बोलायची माझी छाती नाही, हसायचं तर हस.

तू आलास तो दिवस मला पुन्हा एकदा लिहू दे. मी वऱ्हांड्यात सूपवाल्या बाईशी मिठावरून हुज्जत घालत होते. तू माझ्या बाजूनं गेलास. मी ओळखलंच नाही, पाठीवरून वाटलं की नानाच चालायला लागले की काय. दारातून ऐकलं सगळं, बाकावर बसेन म्हणाले होते तरी. नानांनी डोळे उघडले आणि म्हणाले, "पूर्वसूचना दिली नाहीस." तू म्हणालास, "अचानक तपासणी आहे." आणि दोघं हसायला लागलात. नानांना हसता हसता ठसका लागला, सिस्टर धावत आली आणि तुम्हा दोघांनाही रागावली. मी बाहेर पदर तोंडात कोंबून रडत होते.

मग ते नऊ दिवस. तू त्यांची दाढी केलीस, पाय चेपलेस, पथकासाठीची त्यांची दोषांची यादी लिहून घेतलीस, वर तिच्यात दोन दोष स्वतःचे घातलेस. शेवटच्या सकाळी सिस्टर त्यांचे केस विंचरत होती. दुखतंय का, असं तिनं विचारलं. त्यांनी बोटांनी शून्य करून दाखवलं. ते खरं होतं, मी तोंडाकडे बघूनच सांगते. त्यानंतर पाऊण तासानं गेले. तू पाय धरून बसला होतास, मी हात. असं जाणं मला आलं तर मी जागेला पैकीच्या पैकी देईन. हॉस्पिसचा फॉर्म आलाय ना, सेवा कशी वाटली म्हणून, त्यावर मी सगळीकडे "उत्तम" लिहून ठेवलंय.

नानांवरचा तुझा राग गेला, हे मी डोळ्यांनी बघितलं. त्यात मी भरून पावले. पण घरी आल्यापासून तू माझ्याशी "मीठ दे", "किल्ली कुठाय" आणि "नको" याशिवाय काही बोलला नाहीस. उद्या तू परत जाणार. तक्रार करत नाही, तो हक्क मी घालवलाय. एवढंच सांगते की नानांच्या मागे मला तूच आहेस, आणि तुझ्याशिवाय मला फार एकटं वाटतं. तू शिवी दिलीस तरी चालेल. काहीतरी दे.

ताई

(याच पत्राच्या मागच्या बाजूला, दुसऱ्या अक्षरात)

ताई,

वाचलं. भाजी आणायला पाऊण तास लागतो का?

नानांवर माझा राग कधीच नव्हता. त्यांनी केलं ते बरोबरच होतं, त्यांच्या जागी मीही टाळं लावलं असतं. काट्याला शिक्का नाही हे मी शुक्रवारी संध्याकाळीच बघितलं होतं. आतल्या बाजूला शिक्का मारतात म्हणे! अगं, निरीक्षकाचा मुलगा मी. सोमवारी स्वतः घेऊन जाणार होतो, तुला कळूसुद्धा दिलं नसतं. नाना शनिवारीच आले.

राग तुझ्यावर होता. पाडलास म्हणून नाही. तू येऊन सांगशील म्हणून मी आठ दिवस दुकानाच्या पायरीवर बसलो होतो. मग गाव सोडलं, तिकडेही वाट बघितली. नानांना भेटायला आलो असतो तर त्यांनी विचारलं असतं, आणि त्यांच्यासमोर खोटं मला एकदाच जमलं. पुन्हा जमलं नसतं. म्हणून आलो नाही. त्यात एवढी वर्षं गेली त्याचं मला वाईट वाटतं, फार वाटतं, आणि हे दहा दिवस बोललो नाही ते त्यापायी. तोंड उघडलं असतं तर रडलो असतो.

पण तू सांगितलंस. उशिरा सांगितलंस, पण त्यांना ऐकता येत होतं तेव्हा सांगितलंस.

सगळीकडे "उत्तम" लिहून फॉर्म भरत नाहीत, मी तो खोडून पुन्हा भरतोय. उद्याचं तिकीट रद्द केलं. आणि एका घरात राहून पत्रं लिहिणं आता पुरे, ताई. पिशवी खाली ठेव, आत ये आणि बोल.